नाळेचं बोळकं

जबलपुरात गोहलपूरला आमच्या दोन खोल्या होत्या, आणि मागच्या खोलीची भिंत दिवसभर थरथरायची. भिंतीपलीकडं पत्र्याच्या पेट्या करणारा कारखाना होता. दहा वाजले की तिथं हातोड्या सुरू व्हायच्या, एकला थांबायच्या, माणसांची जेवणं झाली की पुन्हा सुरू, ते दिवे लागेपर्यंत. पाहुणे आले की कानावर हात ठेवायचे. आम्हाला इतकी सवय झाली होती की आम्हाला तो आवाज यायचाच नाही. घरात त्याच्याकडं लक्ष असणारं माणूस एकच, माझी कुसुमआत्या, आणि ती जन्मापासून ठार बहिरी. सकाळी कणीक मळून झाली की ती हात पुसायची, भिंतीला तळवा लावून थोडी थांबायची आणि आईकडं बघून मान हलवायची. सुरू झालं, म्हणजे दहा वाजले. घरातलं एकुलतं एक घड्याळ बाबांच्या मनगटावर कारखान्यात जायचं, तो वेगळा कारखाना, फौजी सामानाचा. पहाटे त्याचा भोंगा वाजला की गल्लीतून सायकलीच सायकली. मग दिवसभर आमची वेळ आत्याच्या तळव्यावर चालायची. आईची डाळ त्यावर कधी करपली नाही.

आत्या बाबांची धाकटी बहीण. तिशीची असेल तेव्हा. लग्न झालं नव्हतं, होणार नव्हतं, आणि त्यावरून घरात कोणी उसासे टाकत नव्हतं. ती आईच्या बरोबरीनं राबायची, त्यामुळं आईचं तिच्याशी बरं होतं. शाळेत तिला कोणी घातलं नाही. मुक्यांच्या शाळा असतात हे आम्हाला माहीत नव्हतं. तिची भाषा हाताची, आणि ती तिनंच बनवलेली. हवेत अंबाड्याची गाठ मारली की आई. अंगठ्यानं सायकलची घंटी वाजवली की बाबा. कमरेला किल्ल्या हलवल्या की घरमालकीण दुबाइन. दोन्ही कानांपाशी दोन वेण्या ओढल्या की मी. नर्मदेसाठी ती तळवा आडवा धरून सावकाश पुढं न्यायची, इतका सावकाश की बघणाऱ्याचा श्वासही मंद व्हायचा, आणि मग तोच हात कपाळाला. तिची आई, म्हणजे माझी आजी, मी पाहिलेली नाही. आत्या तिच्याबद्दल सांगायची तेव्हा जात्याचा खुंटा फिरवायची, मग मूठ उघडून रिकामा तळवा दाखवायची. जातं थांबलं. बाकी कोणाच्या मरणाबद्दल मी इतकं थोडक्यात ऐकलं नाही, आणि आता माझ्या वयाला मरणाच्याच बातम्या जास्त येतात.

चौथी झाल्यावर माझं नाव शाळेतून काढलं. बाळ्या पोटात होता, आईला हाताखाली कोणी पाहिजे होतं, आणि आत्यासाठी एक दुभाषी. ते काम मी पाचव्या वर्षापासूनच करत होते. बाहेरच्याला तिचं काही कळायचं नाही, घरच्यांना थोडं कळायचं, मला सगळं कळतं असा माझा समज होता. अंगणातले लोक, भाजीवाला, पाण्यावरच्या बाया, सगळे मलाच विचारायचे, "क्या कह रही गूंगी दीदी?" आणि मी सांगेन ते तिचं बोलणं. नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात एवढी सत्ता देऊ नये. एका संकष्टीला बाबांनी खव्याची जलेबी आणली होती, आमच्या जबलपूरची ती काळसर, जड, एकीनंच पोट भरेल अशी. नैवेद्यासाठी डब्यात ठेवलेली. त्यातल्या तीन मी खाल्ल्या, परकराच्या काठाला तोंड पुसलं, आणि आईनं विचारल्यावर आत्याकडं बोट केलं. तिनं कबूल केलं असंही सांगून टाकलं. आईनं त्या दिवशी आत्याचं ताट मांडलं नाही. आत्या माझ्याकडं बघत राहिली आणि मग भांडी घासायला गेली. मला वाटलं, तिला काय झालं ते कळलंच नाही.

असं वाटायला माझ्याकडं कारण होतं. जे दाखवता येत नाही ते आत्याच्या भाषेत नाहीच, असं मी ठरवलं होतं. एकदा मी तिला भुताची भीती घालायला गेले. डोळे मोठे केले, बोटं वाकडी केली, अंगणातल्या चिंचेकडं दाखवलं. ती उठली, चिंचेखाली गेली, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि परत येऊन दोन्ही तळवे पुढं केले. कुठं आहे? दाखव. मी काय दाखवणार. मी तेव्हा रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणायचे, घडाघडा, एका अक्षराचा अर्थ न कळता, आणि बाबा शेजाऱ्यांना सांगायचे की पोरगी हुशार आहे. आत्या शेजारी बसून माझ्या तोंडाकडं बघायची. तिला बिचारीला यातलं काही कळत नाही, असं मी मनात म्हणायचे. मला तरी काय कळत होतं?

अंगण मोठं होतं, पण सगळं फरशीचं. माती होती ती फक्त दुबाइनच्या पायरीशेजारी, हातभर रुंद आळं, त्यात एक डाळिंबाचं झाड. दुबाइनचा नवरा लाकडाच्या धंद्यापायी बाहेरगावीच असे, घर ती चालवायची. घरात तिचा म्हातारा सासरा होता, त्याला सगळे दादाजी म्हणत. दादाजीनं जन्मभर सिविल लाइंसच्या कचेरीत पुकारा करणाऱ्या चपराशाचं काम केलं होतं, आणि निवृत्त झाल्यावरही तो नातवाला दूध प्यायला बोलवायचा तर "गुड्डू वल्द रमेश, हाज़िर हो!" असंच. समोरच्या एका खोलीत फूलाबाई राहायची. विधवा, मूलबाळ नाही, बड्या, म्हणजे सांडग्यांसारखं वाळवण, करून विकायची. उडदाची डाळ वाटून त्यात कोहळ्याचा कीस, हिंग, मिरं, आणि ते पीठ ती हातानं इतकं फेटायची की पाण्यात टाकलेला गोळा तरंगायचा. मग गच्चीवर चादर पसरून ती आणि आत्या समोरासमोर बसायच्या आणि बोटांच्या चिमटीतून टपटप बड्या घालत जायच्या. आत्याच्या भाषेत तीच चिमूट म्हणजे फूलाबाई. दोघी तासतास बसायच्या. त्यांना माझी गरज लागायची नाही, आणि त्याचा मला राग यायचा.

फाल्गुनात बाळ्या झाला, घरातच. आठवड्याभरात त्याची नाळ सुकून पडली. आमच्याकडं ती फेकत नाहीत. जिथं नाळ पुरली तिथं माणूस रुजतो, अशी आईची पक्की समजूत. माझी नाळ आईच्या माहेरी अमरावतीकडं पुरलेली, म्हणून, आई म्हणायची, तुझं चित्त इथं कुठं लागत नाही. बाळ्या तरी इथला व्हावा. तिनं कुंभाराकडून एक बोळकं आणलं, त्यात हळद-कुंकवाचे तांदूळ, एक सुपारी, आणि दोऱ्यानं बांधलेल्या चिंधीत ती वाळकी नाळ. आमच्या खोलीत फरशी, ओसरीवर फरशी. माती फक्त डाळिंबापाशी. दुबाइन देवळात गेली तेव्हा भर दुपारी आईनं आणि आत्यानं खुरपीनं खड्डा केला आणि बोळकं पुरलं. मी बाळ्याला घेऊन उभी होते. विचारायला हवं होतं हे आईला कळत होतं. विचारलं तर ती नाही म्हणेल हेही कळत होतं.

चैत्र संपता संपता दुबाइनचा मुलगा गुड्डू आजारी पडला. वर्षाचाही नव्हता. दूध प्यायचा नाही, प्यायला तर उलटी. डॉक्टर झाले, वैद्य झाले. फूलाबाईला लेकरांची हौस, ती रोज पायरीशी येऊन त्याला बघायची, टाळ्या वाजवून हसवायची. आधी कोणाला त्यात काही वाटलं नव्हतं. मग एका रविवारी दुबाइननं मोरीचं पाणी काढायला गवंडी लावला. त्यानं डाळिंबाच्या आळ्यात फावडं मारलं आणि बोळकं वर आलं. झाकण निघालं, लाल-पिवळे तांदूळ सांडले, चिंधी सुटली, आणि आतलं काळं, वाळलेलं, बोटाच्या पेराएवढं काहीतरी फरशीवर पडलं. गवंडी फावडं टाकून मागं सरला. दुबाइननं किंकाळी फोडली. पाण्यावरच्या बाया धावल्या. कोण पहिल्यांदा बोललं ते मला आठवत नाही, मी तिथंच होते तरीही. फक्त शब्द आठवतो. टोनही. तिकडं जादूटोणा करणाऱ्या बाईला म्हणतात. तो शब्द निघाला आणि सगळ्यांच्या माना एकदम फूलाबाईच्या दाराकडं वळल्या, जशी वाऱ्यानं दारं एका बाजूला लागतात. त्या आधी तिच्यावर कोणाचा संशय नव्हता. मी शपथेवर सांगेन, नव्हता. शब्दाला जागा पाहिजे होती, ती त्यानं शोधली.

मी घरात पळाले. आई भिंतीला टेकून बसली होती, बाळ्या मांडीवर, तोंडात पदराचा बोळा. बाबा दाराआडून बाहेर बघत होते.

"अहो, सांगून टाका ना. ते बिचारीचे हाल करून राहिले."

"काय सांगू? तुझ्या दारात आम्ही पुरलं म्हणू? पोरगं तिचं मरायला टेकलं आहे. उद्या काही झालं तर आपल्यावर येईल."

"नाळ आहे ती. विष आहे का?"

"तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. त्यांना काय दिसून राहिलं? कुंकू अन् मांस. आपण परके लोक, दक्खिनी म्हणतात आपल्याला. सरकारी क्वार्टर मिळालं असतं तर गोष्ट वेगळी होती." बाबा वळले. "शके, तू चूप राहाजो. कोणी काही विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. समजलं?"

"अन् आत्या?"

"ती काय बोलणार आहे?" बाबा म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दुपारी गुनिया आला, उतारे-झाडफूक करणारा, कपाळभर शेंदूर, आणि आधी चहा मागणारा. बोळकं तसंच अंगणाच्या मध्ये वर्तमानपत्रावर ठेवलेलं होतं, सांडलेलं सगळं गवंड्यानं फावड्यानंच परत आत लोटलं होतं. कोणी हात लावला नव्हता. गुनियानंही नाही लावला, लांबूनच लिंबू फिरवलं. मग म्हणाला, करणारीनं आपल्या तोंडानं कबूल केलं तर लेकरू वाचेल, आणि दिवा लागायच्या आत ती या अंगणातून गेली पाहिजे. फूलाबाईला समोर आणून बसवलं. बायांनी तिच्या खोलीतलं सामान बाहेर काढायला सुरुवात केलीच होती; पाटा, वरवंटा, डाळीची डेचकी. एक म्हणत होती, हिचे केस कापा आधी.

"हमने कछु नईं करो, मालकिन," फूलाबाई म्हणत होती. "हम तो बच्चा को देखबे आत हते."

"देखने! काहे देखती थी? तेरा कौन लगता है?"

तासभर हेच चाललं. दर थोड्या वेळानं कोणीतरी तो शब्द तिच्या अंगावर टाकायचं. आणि मग मी ते पाहिलं, जे मला आज इतक्या वर्षांनीही नीट मांडता येत नाही. फूलाबाई रडायची थांबली. तिनं आपले हात उलटसुलट करून पाहिले, पिठानं पांढरे झालेले, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. आणि हळू आवाजात म्हणाली, "का जाने... हमई से हो गओ होय." काय सांगावं, माझ्याकडूनच झालं असेल. तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं. बोळकं कोणी पुरलं ते मला माहीत होतं, मी तिथं उभी होते, आणि तरी एक क्षण मलाही वाटलं की हिनंच काही केलं असेल. एवढं बळ होतं त्या तीन अक्षरांत.

सगळ्या गोहलपुरात एकाच माणसाच्या कानात तो शब्द गेला नव्हता. आत्या सकाळपासून गच्चीवर होती. बड्यांचा घाणा मोठा होता, आणि ऊन कडक. खाली काय चाललंय याचा तिला पत्ता नाही. पण तमाशा बघायला पेट्यांच्या कारखान्यातली माणसं कामं टाकून भिंतीवर चढून बसली, हातोड्या थांबल्या, आणि गच्चीची फरशी तिच्या पायांखाली अवेळी गप्प झाली. तिला वाटलं, कोणीतरी मेलं. जिना उतरून ती खाली आली तेव्हा तिची बोटं पिठात भरलेली होती. तिनं गर्दी पाहिली, बसलेली फूलाबाई पाहिली, आणि मग मधलं बोळकं पाहिलं. तिचा चेहरा उजळला. हरवलेली वाटी सापडावी तशी ती सरळ चालत गेली आणि तिनं बोळकं उचललं.

बाया ओरडल्या. गुनिया दोन पावलं मागं गेला. आत्यानं तांदळातून चिंधी बाहेर काढली, फुंकून धूळ उडवली, नाळ नीट गुंडाळली, झाकण लावलं आणि बोळकं पोटाशी धरलं. कोणीतरी बाहेर काढलं, कोण निष्काळजी आहे, अशा नजरेनं तिनं सगळ्यांकडं बघितलं. पन्नास माणसं जिच्याकडं बघायला घाबरत होती ती वस्तू तिच्या हातात होती, आणि ती बिनघोर उभी होती. धीट होती म्हणून नाही. भ्यायचं काय आहे हेच तिला कोणी सांगू शकत नव्हतं. तिच्यासाठी ते जे होतं तेच होतं.

मग ती बोलली. कडेवर बाळ. बेंबी. दोन बोटांनी गळून पडलेलं काहीतरी. अंबाड्याची गाठ. खुरपी. डाळिंब. लख्ख, एकामागून एक. आणि सगळे माझ्याकडं वळले.

"क्या बोल रही गूंगी? बता री छोकरी."

मी बाबांकडं पाहिलं. त्यांनी मान इतकी थोडी हलवली की मलाच दिसावी. मी म्हणाले, "उसको कुछ नहीं मालूम. बोल रही है, फेंक दो इसको."

आत्या माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. ती लोकांच्या तोंडाकडं बघत होती. तिनं जे सांगितलं होतं ते ऐकून माणसांचे चेहरे जसे बदलायला पाहिजेत तसे बदलले नव्हते. तिनं एक एक करून सगळे चेहरे तपासले. मग माझ्याकडं वळली, आणि मला कळलं की हिला कळलंय.

"ठहरो," दादाजी खाटेवरून म्हणाला. "गूंगी ने उठाया काहे? जिसको डर नहीं, वो कुछ जानती है. गवाही लो इसकी."

"बाबूजी, गूंगी की क्या गवाही," दुबाइन म्हणाली.

"चालीस साल कचहरी में खड़ा रहा हूं, तू मुझे सिखाएगी? गूंगे की गवाही होती है. बस साहब पहले एक सवाल पूछते थे." त्यानं काठी माझ्याकडं रोखली. "पूछ इससे, झूठ क्या होता है. जिसको झूठ नहीं मालूम, उसके सच का क्या भरोसा?"

गुनिया हसला. भिंतीवरची माणसंही हसली. मला तर सुटल्यासारखं वाटलं, कारण हे आत्याला सांगता येणारच नाही याची मला खात्री होती. खोटं दाखवणार कसं? खोटं म्हणजे जे नाहीच ते. आमच्या दोघींच्यात त्यासाठी खूणच नव्हती. मी कधी केली नव्हती, मला कशाला पाहिजे होती? मी आपलं ओठांना बोट लावलं, तोंडातून काहीतरी बाहेर आलं असं दाखवलं, आणि हात हलवून नाही, नाही केलं. काय आहे ते? सांग.

आत्यानं विचार केला. बोळकं फूलाबाईच्या मांडीत ठेवलं. आणि हवेत एक डबा घेतला.

तिनं त्याचं झाकण उघडलं. आत वाकून वास घेतला. एकदा दाराकडं पाहिलं, अगदी माझ्यासारखं, मान खांद्यात घेऊन. एक गोल, पाक गळणारी वस्तू दोन बोटांत उचलून खाल्ली. मग दुसरी. मग थांबली, डब्याकडं पाहिलं, आणि तिसरी. अंगठा चाटला. परकर नव्हता तरी परकराचा काठ उचलून तोंड पुसलं, आधी डावीकडून, मग उजवीकडून, जसं मी पुसते तसं. झाकण लावलं. कानांपाशी दोन वेण्या ओढल्या. अंगण हसायला लागलं होतं. मग अंबाड्याची गाठ, हात कमरेवर, विचारणारा चेहरा. मग पुन्हा दोन वेण्या, आणि माझं बोट, ताठ, तिच्याकडं रोखलेलं. मग तिनं एक ताट जमिनीवर ठेवलं आणि पालथं केलं. हे करताना ती हसली नाही, रागावलीही नाही. शेवटी माझ्याजवळ आली, पिठाची दोन बोटं माझ्या ओठांवर ठेवली, दोनदा टेकवली, आणि लोकांकडं वळून हात उघडला. हे. याला म्हणतात.

दादाजी काठी आपटून हसत होता. "अरे वाह! अरे वाह! गवाह पक्का है!" मी हसत नव्हते. माझ्या ओठांवर पीठ होतं. दोन वर्षं होऊन गेली होती त्या जलेबीला. दोन वर्षं तिला ते माहीत होतं, सगळं, माझी मान कशी होती ते, तोंड कुठल्या बाजूनं आधी पुसलं ते, आणि या दोन वर्षांत ती रोज माझ्या तोंडून बोलत होती, कारण दुसरं तोंड नव्हतं. मी तिला रिकामी समजत होते. माझ्याकडं खोट्याला शब्द होता आणि मला तो कळत नव्हता. तिच्याकडं शब्द नव्हता, आणि तिनं मला तो समजावला.

ती थांबली नाही. आमच्या दारात जाऊन आईच्या मांडीवरून तिनं बाळ्याला उचललं, अंगणाच्या मध्ये आणून फूलाबाईपुढं निजवलं, त्याचं झबलं वर केलं. एक बोट त्याच्या बेंबीवर ठेवलं, दुसऱ्या हाताचं बोळक्यावर. दुभाष्याचं काम संपलं होतं. मागून आई आलीच, अनवाणी, पदर सुटलेला.

"नाल है," आई म्हणाली. "हमारे मुन्ने की नाल. मैंने गाड़ी. उसका कुछ नहीं."

मग दादाजी म्हणाला, "नरा? ये नरा है?" आणि पुन्हा हसायला लागला. "अरे, नरा तो हम भी गाड़ते हैं! दाई घर के कोने में गाड़ती है. ये सुपारी-कुमकुम काहे डाला?"

"हमारे में डालते हैं," आई म्हणाली.

म्हणजे तेच. त्यांच्यात ओली पुरतात, घरात, तशीच. आमच्यात वाळलेली, सजवून. एवढ्यावरून एका बाईचे केस जाणार होते. गुनिया कधी निघून गेला ते कोणी पाहिलं नाही. दुबाइन मात्र हसली नाही. ती आईकडं बघत होती आणि तिचा चेहरा आधीपेक्षा कडक झाला होता. "अपने लड़के का नरा मेरे दरवाज़े पे? हक जमाने के लिए?" टोण्याला ती घाबरली होती, पण हे तिला समजलं होतं, आणि समजलेलं तिला जास्त लागलं. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, म्हणाली. बाबा म्हणाले होते तेच झालं, आपल्यावरच आलं. ते आईला एक शब्द बोलले नाहीत, मलाही नाही, आणि बोलले असते तर बरं झालं असतं.

आत्यानं बाळ्याला माझ्याकडं दिलं आणि फूलाबाईचा हात धरून ओढला. चिमूट दाखवली, वर बोट केलं, मग हातानं कावळे हाकले. बड्या उघड्यावर आहेत. फूलाबाई उठेना. आत्यानं तिचा तळवा उघडला आणि त्यात चिमटीनं एक बडी घातली, हवेतली. मग ती उठली.

गुड्डू बरा झाला, कशानं ते देवाला माहीत. फूलाबाईचं पुढं काही चांगलं झालं नाही. सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं की ती टोनही नाही, आणि तेव्हापासून ती आहे की नाही हा प्रश्न सगळ्यांना पडायला लागला. अंगणात तिच्या बड्या कोणी घेईना. पावसाळ्याआधी ती भावाकडं निघून गेली. आम्ही महाराजपूरला आलो. तेव्हा इथं शेतं होती, माती हवी तेवढी. आईनं बोळकं मागच्या दारी पुरलं, या वेळी मालकाला विचारून. बाळ्या पुढं भोपाळला गेला आणि तिकडंच स्थायिक झाला. मी, जिचं चित्त इथं लागत नव्हतं, अजून इथं आहे. नात मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देते आणि मला ते पुरतं. तिच्या चेहऱ्यावर कळतं, पोचलं की नाही.

त्या दिवसानंतर एक बदललं. आत्या मला काही सांगायची, मी ते समोरच्याला सांगायचे, आणि ती समोरच्याच्या तोंडाकडं बघायची. भाजीवाला असो, माझा नवरा असो, रेशनचा बाबू असो. तिचं बोलणं तिथं पोचलं का ते तपासायची, मगच मान हलवायची. माझं लग्न झालं, ती माझ्याकडं राहायला आली, माझी मुलं मोठी झाली, ती बघतच राहिली. मी त्यानंतर तिचा एक शब्द बदलला नाही. एकदासुद्धा नाही. तरी ती बघायची. मी तिला कधी म्हटलं नाही की आता पुरे. म्हणायचा मला हक्क नव्हता.

शेवटी तिला दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. "आजी, पूछिए इनको, दर्द कहां है, कब से है." मी विचारलं. तिचे हात आता सावकाश चालायचे, नर्मदेसारखे. तिनं छातीवर हात ठेवला, पाठीत नेला, चार बोटं दाखवली, आणि जात्याचा खुंटा अर्धा फिरवून थांबवला. मी डॉक्टरला सांगितलं. चार दिवसांपासून, इथून इथपर्यंत, आणि तिला वाटतं ती आता वाचत नाही. डॉक्टरचा चेहरा बदलला. मी आत्याकडं पाहिलं, ती बघतेय का म्हणून. तिनं डोळे मिटून घेतले होते.